नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी विषय घेऊन शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी एक तक्ता येतो. डावीकडे साहित्यिकाचे नाव, उजवीकडे 'टोपणनाव'. विष्णू वामन शिरवाडकर – कुसुमाग्रज. कृष्णाजी केशव दामले – केशवसुत. राम गणेश गडकरी – गोविंदाग्रज. त्र्यंबक बापूजी ठोंबरे – बालकवी. आत्माराम रावजी देशपांडे – अनिल. नारायण मुरलीधर गुप्ते – बी. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत हा तक्ता असतो, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत असतो, आणि 'जोड्या लावा' या प्रश्नप्रकाराने तो पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला आहे. मराठी साहित्याशी पुढे आयुष्यात कधीच संबंध न येणाऱ्या माणसालाही या तक्त्यातली चार नावे पाठ असतात. किंबहुना अनेकांच्या बाबतीत मराठी साहित्याविषयीची तेवढीच काय ती माहिती शिल्लक राहते.

हा तक्ता अपुरा आहे अशी माझी तक्रार नाही. तो वाढवून शंभर नावांचा केला तरी तक्रार तीच राहील. त्यात 'कोणी' आणि 'का' हे दोन रकाने नाहीत. हे नाव कोणी ठेवले? ज्याने ते धारण केले त्याने स्वतः, की इतरांनी? आणि कशासाठी? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की टोपणनावांच्या बाबतीत हे दोन प्रश्न हाच खरा अभ्यासविषय आहे. ते न विचारण्याची सवय आपल्या वर्गांना आणि समीक्षेलाही जडली आहे. आणि त्या सवयीपायी मराठी साहित्यात नावाविषयी जे सर्वांत धाडसाचे काम झाले, ते या सदरात आपल्याला दिसतसुद्धा नाही.

मराठी भाषेला स्वतःला मात्र हा भेद पक्का ठाऊक आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका अनेकवचनाने पाळण्याजवळची क्रिया थेट चव्हाट्यावर जाते. 'टोपणनाव' या शब्दातले टोपण म्हणजे झाकण. दौतीला ते असते, लेखणीलाही असते. झाकण घालायचे की काढायचे हे ज्याची दौत तो ठरवतो. म्हणजे हा शब्द मुळात स्वतः घेतलेल्या नावालाच शोभतो. इतरांनी चिकटवलेल्या नावासाठी आपल्यापाशी असा सभ्य शब्द नाही. तिथे आपण क्रियापदावर भागवतो आणि म्हणतो, 'त्याला हे नाव पडले'. पाऊस पडतो, भिंत पडते, तसे नाव पडते! पाडणारा कोण, हे वाक्यातून अलगद निसटते. 'नाव पाडले' असेही मराठीत म्हणता येते. पण पाडणारे आपणच असलो की आपण सहसा 'पडले' म्हणतो.

आता तक्त्याकडे वळू. त्यात एका रकान्यात बसवलेली नावे एका जातकुळीची नाहीत.

'कुसुमाग्रज' म्हणजे कुसुम या बहिणीचा वडील भाऊ. 'गोविंदाग्रज' म्हणजे गोविंदाचा वडील भाऊ. 'केशवसुत' म्हणजे केशवाचा मुलगा. ही तिन्ही नावे स्वतः घेतलेली आहेत आणि तिन्हींमध्ये कवी स्वतःची ओळख एका नात्यातून करून देतो. स्वतःच्या अनुभवाला आणि 'मी'ला कवितेच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय आपण ज्या केशवसुतांना देतो, त्यांनी सहीच्या जागी मात्र वडिलांचे नाव पुढे करावे, ही गोष्ट वर्गात थांबून विचार करण्याजोगी नाही काय? पुढे प्र. के. अत्रे विडंबनासाठी 'केशवकुमार' झाले. शब्दार्थाने पाहिले तर केशवसुत आणि केशवकुमार एकच. दोघांच्याही वडिलांचे नाव केशव. पण एकाची गंभीर कविता मराठीत स्थिरावल्यानंतर दुसऱ्याने तशाच अर्थाच्या नावाने 'झेंडूची फुले' (१९२५) लिहावी, हा नावातच दडलेला वाङ्मयीन टोला आहे. 'जोड्या लावा'मध्ये तो कुठे सापडणार? गडकऱ्यांनी तर स्वतःची वाटणीच केली होती. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, आणि नाटकाला राम गणेश गडकरी. शिरवाडकरांनीही कविता कुसुमाग्रजांकडे आणि नाटके स्वतःच्या नावाकडे ठेवली. 'विशाखा' (१९४२) एकाची, 'नटसम्राट' (१९७०) दुसऱ्याची. इथे नाव हे वाङ्मयप्रकाराचे चिन्ह झाले आहे.

'लोकहितवादी' हे नाव वेगळ्याच कामाचे. गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात स्वजनांवर कठोर टीका करणारी पत्रे लिहीत होते. त्या नावात नाते नाही, कुलनाम नाही. आहे ती भूमिका. 'माझी जात आणि हुद्दा विचारू नका, मी कोणाच्या हिताचे बोलतो ते पाहा', असे ते नाव वाचकाला बजावते. 'विभावरी शिरूरकर' हे नाव त्याहून निकडीचे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित स्त्रियांची कोंडी स्त्रीच्या बाजूने मांडणे हे लेखिकेच्या नावावर बेतणारे काम होते. पुस्तकात काय म्हटले आहे याच्या इतकीच, हे लिहिणारी कोण याची चर्चा रंगली. ते नाव पुढे मालती बेडेकर यांचे ठरले. आता या नावाला 'अनिल'च्या किंवा 'बी'च्या पंक्तीत बसवून 'टोपणनाव' म्हणणे म्हणजे चिलखताला अंगरखा म्हणण्यासारखे आहे. दोन्ही अंगावर घालतात, एवढेच साम्य.

आणि 'बालकवी'? हे नाव ठोंबऱ्यांनी घेतलेच नव्हते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी ते त्यांना बहाल केले. त्या वेळी कवी सोळा-सतरा वर्षांचा होता, तेव्हा नाव यथार्थच होते. पण १९१८ साली अठ्ठाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच तो गेला आणि नाव कायमचे चिकटले. त्याचा परिणाम आपण अजून भोगतो आहोत. बालकवी म्हटले की निसर्ग, फुलराणी, निरागस आनंद, हे समीकरण इतके पक्के आहे की 'पारवा' किंवा 'खेड्यातील रात्र' यांसारख्या कवितांतले उदास, भयाण वळण शिकवताना शिक्षकाला जणू खुलासा करावा लागतो. कौतुकाने दिलेले नावसुद्धा वाचन आधीच ठरवून टाकते. दुसऱ्याने दिलेले नाव हा त्या माणसावरचा एक अभिप्राय असतो आणि त्या अभिप्रायावर अपील करण्याची सोय सहसा नसते. तक्त्यात 'कोणी' हा रकाना असता तर हे एका दृष्टिक्षेपात कळले असते.

ही झाली ग्रंथांतली नावे. पण टोपणनावांचे खरे पीक निघते ते गावात, आळीत, शाळेत, वसतिगृहात. आणि इथे आपल्या साहित्यिक वर्तुळात एक गोड समजूत रूढ आहे: गावाने पाडलेली नावे म्हणजे लोकप्रतिभेचा मिस्कील आविष्कार. लंगड्या, काण्या, बोबड्या, बहिऱ्या, टकल्या, ढेऱ्या, काळ्या. किती नेमके निरीक्षण, किती थोडक्यात व्यक्तिचित्र! ग्रामीण कथेवरच्या लेखांत 'गावरान विनोद' या मथळ्याखाली अशा नावांची जंत्री पुष्कळदा येते. वाचणाऱ्यालाही मौज वाटते, कारण वाचणारा बहुधा त्या नावाचा धनी नसतो.

या समजुतीला तपासायला मोठ्या सिद्धांताची गरज नाही. मराठीचे व्याकरण पुरे आहे. व्यक्तिनामाला मराठीत जे शेपूट लागते ते माणसाची जागा सांगते. राव, पंत, साहेब, शेठ, जी, बा, आणि खालच्या टोकाला 'या'. धोंडोपंत, धोंडिबा, धोंडू, धोंड्या ही चार नावे एकाच दगडाची आहेत. पण चौघे एका ओटीवर बसत नाहीत. आडनावांचेही तेच. बर्वे, गोडबोले, सहस्रबुद्धे यांतला अंत्य 'ए' आपण आदरार्थी अनेकवचनासारखा ऐकतो. तो काढला की आदरही निघतो. कोकणातली ही खोड पु. ल. देशपांड्यांनी एका शीर्षकातच पकडली आहे: 'अंतू बर्वा'. बर्व्यांना एकवचनात आणणे हे त्या आळीच्या सलगीचे लक्षण आहे आणि त्या माणसाच्या ओढगस्तीच्या स्थितीचेही. त्याच लेखात त्याला 'अंतूशेठ' म्हणूनही हाक मारली जाते. एकाच माणसाची ही दोन नावे शेजारी ठेवून पाहिली तर त्या व्यक्तिचित्राचा अर्धा व्यूह उलगडतो. आपण मात्र 'विनोदी लेखन' म्हणून ते हसत शिकवतो आणि पुढे जातो.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: 'या' प्रत्यय प्रेमाचाही असतो. मित्र मित्राला पक्या, सुन्या, मन्या म्हणतोच की! अगदी खरे. जनाबाईंनी तर साक्षात विठ्ठलाला 'विठ्या' म्हटले आहे. म्हणूनच प्रत्ययावरून निकाल देता येत नाही. निकाल द्यायचा तो दोन कसोट्यांवर. पहिली, उलट म्हणता येते का? पक्या ज्याला सुन्या म्हणतो, तो त्याला पक्या म्हणतो, हिशेब चुकता. जनाबाईंचे 'विठ्या' खालून वर जाते, म्हणून त्यात धिटाई आहे, सलगी आहे, भक्ती आहे. पण पाटलाच्या वाड्यावरून 'धोंड्या' अशी हाक आली तर धोंड्या उलट काय म्हणणार? 'जी मालक' हेच त्याचे उत्तर. दुसरी कसोटी, नाकारता येते का? 'मला हे नाव नको' असे म्हटल्यावर जे नाव थांबते ते थट्टेचे. जे अधिक जोराने घेतले जाते ते सत्तेचे. या दोन कसोट्यांत उतरणाऱ्या नावांबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. ती खुशाल घ्यावीत.

दगडधोंड्यांच्या नावांचा इतिहास तर याहून बोलका आहे. मूल जगत नसेल तर पुढच्या मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव द्यायचे, म्हणजे त्याच्यावर कोणाची दृष्ट पडणार नाही, ही चाल महाराष्ट्रात सर्व थरांत होती. त्यामुळे धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे चित्पावन घरातले नाव आहे, आणि नानासाहेब पेशवे हेही धोंडोपंतच. या घरांत नाव दगडाचे असले तरी त्यावर पंत, अण्णा, महर्षी, भारतरत्न अशा पायऱ्या चढत गेल्या आणि मूळ दगड झाकला गेला. दुसरीकडे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णानुसार नामकरणाचा दंडक आहे: ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे. म्हणजे एकीकडे आईने मायेपोटी ठेवलेले ओबडधोबड नाव आणि दुसरीकडे शास्त्राने नेमून दिलेले हीन नाव, ही दोन्ही कारणे एकाच 'दगडू'त येऊन मिळतात. आईचे कारण घराच्या उंबरठ्याआत राहते, शास्त्राचे कारण गावभर फिरते. दया पवार यांच्या 'बलुतं'ची (१९७८) रचना आठवावी. तिथे प्रतिष्ठित, शिकलेला दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात. दोघे एकच, आणि कहाणी सांगतो तो दगडू. मराठीतल्या या महत्त्वाच्या आत्मकथनाचा सांगाडाच मुळी दोन नावांच्या संवादावर उभा आहे. तरीही टोपणनावांच्या तक्त्यात दगडू नाही. कारण आपल्या लेखी टोपणनाव म्हणजे ललित, सुगंधी, तत्सम काहीतरी!

कोणी म्हणेल, शेकडो मराठी आडनावे अशीच पडली आणि आज त्यांचे कोणाला काही वाटत नाही. टकले, पोटे, एकबोटे, बहिरट, कोल्हे, लांडगे, गाढवे, डुकरे ही आडनावे आपण हजेरीपटावर सहज वाचतो. बोबडे आडनावाचे न्यायमूर्ती २०१९ ते २०२१ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते आणि आडनावाचा शब्दार्थ कोणाच्या मनातही आला नाही. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले, आणि आज त्या शब्दाला जो मान आहे तो व्यवसायामुळे नव्हे. तेव्हा काळ सगळे बोथट करतो. मग चिंता कशाला?

हा युक्तिवाद वरवर समंजस आहे, पण त्यात एक खोट आहे. नाव बोथट होते ते केवळ काळाने नव्हे, प्रतिष्ठेने. ज्या घरात जमीन, वतन, विद्या, पद आले तिथे आडनावाचा अर्थ झिजला. जिथे ते आले नाही तिथे तोच शब्द वर्गात हशा पिकवतो, आणि मग ते घर गॅझेटमध्ये नाव बदलल्याची जाहिरात देते. ज्याला अर्थ झिजेपर्यंत थांबणे परवडते त्याने 'नावात काय आहे' असे म्हणावे. इतरांनी कुठवर थांबायचे?

'प्रेमाने दिलेले नाव' या सबबीची सर्वांत कडक परीक्षा मात्र साहित्यात नव्हे, विधिमंडळात झाली. अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी गांधीजींनी 'हरिजन' हे नाव रूढ केले; १९३३ साली त्या नावाचे साप्ताहिकही सुरू झाले. हेतू उघडच सन्मानाचा होता. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकातून हे नाव कायद्यात येऊ लागले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला आणि तो मानला न गेल्याने सभात्याग केला. त्या सभात्यागाचे तर्कशास्त्र स्पष्ट आहे: नाव किती गोड आहे हा प्रश्नच नाही, ज्यांचे नाव आहे त्यांना विचारले होते का, हा प्रश्न आहे. अलीकडे 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आले तेव्हा अपंगत्व असलेल्या अनेक कार्यकर्त्यांनी नेमका हाच आक्षेप घेतला. वरून खाली उतरणारे नाव स्तुतीचे असले तरी ते वरूनच उतरते.

आता ज्या कामाचा उल्लेख मी आरंभी केला त्याकडे येतो.

ज्याला नाव नाकारता येत नाही आणि उलट म्हणताही येत नाही, त्याच्यापाशी तिसरा एक मार्ग उरतो: ते नाव स्वतःच्या हाताने उचलून स्वतःच्या कपाळावर लावायचे. मराठीत याची परंपरा जुनी आहे. संतांच्या नाममुद्रा पाहा. तुका, नामा, चोखा, जनी. ही सगळी एकेरी नावे आहेत, गावाने हाक मारावी तशी. लोक 'तुकोबा' म्हणोत, 'तुकाराम महाराज' म्हणोत. अभंगाच्या शेवटी सही येते ती 'तुका' अशी. आपण याला विनय म्हणतो आणि तो आहेही. पण चोख्याच्या बाबतीत केवळ विनय म्हणून भागेल का? देवळाच्या दाराबाहेर ठेवलेला माणूस ज्या एकेरी नावाने हिणवला जात असेल, त्याच नावाने तो देवाशी बोलतो आणि तेच नाव कवितेत कायमचे गोंदून ठेवतो. आता त्याला आणखी खाली कोण आणि कसे नेणार?

हीच युक्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत पुन्हा आली, आणि ती पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). ही शीर्षके एकापाठोपाठ वाचावीत. यांतले एकही शीर्षक लेखकाने कल्पनेने रचलेले नाही. ती त्यांच्यावर किंवा त्यांच्या समाजावर फेकलेली नावे आहेत. बारा मासे म्हणजे एक तोळा. त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी, म्हणजे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला, 'हिणकस'. सोनाराच्या काट्यावर माणूस तोलणारा हा शब्द. 'उचल्या' हे तर एका अख्ख्या जमातीला पडलेले नाव, आणि ते पडण्यामागे केवळ गावकऱ्यांची जीभ नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे, पोलीस ठाण्यातली हजेरी आहे. कायदा १९५२ साली रद्द झाला, नाव राहिले.

अशा नावांना पुस्तकाचे नाव करणे म्हणजे काय, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. कालपर्यंत जो शब्द कोणीही कोणाच्याही तोंडावर फेकू शकत होता, त्याच्या खाली आता लेखकाची सही आली. ग्रंथालयात, अभ्यासक्रमात, पुरस्काराच्या यादीत तो शब्द उच्चारताना उच्चारणाऱ्याला अडखळावे लागते. 'उचल्या'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्या शब्दाने पोलिसांच्या दप्तरात नोंद होत होती तो शब्द राष्ट्रीय सन्मानपत्रावर आला. आणि किशोर काळे यांच्या मुखपृष्ठावर तर दोन नावे एकमेकांना उत्तर देतात. शीर्षकात गावाने दिलेली शिवी, 'कोल्हाट्याचं पोर'. लेखकाच्या नावात बापाच्या जागी आई, 'किशोर शांताबाई काळे'. बाप कोण असे विचारणाऱ्या समाजाला दिलेले इतके मोजके उत्तर मराठी गद्यात फार थोडे असेल.

ही शीर्षके किती अर्थ वाहतात हे भाषांतरात कळते. 'कोल्हाट्याचं पोर' इंग्रजीत 'अगेन्स्ट ऑल ऑड्स' झाले, 'अक्करमाशी' 'द आउटकास्ट' झाले. शिवी गेली आणि तिच्या जागी एक साधारण, सहानुभूतीचे शीर्षक आले. 'बलुतं' मात्र 'बलुता' असेच राहिले, हे बरे झाले. परभाषेतल्या प्रकाशकाची अडचण मी समजू शकतो. पण आपल्या मराठी वर्गांतही हेच घडते. 'अक्करमाशी या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा' असा प्रश्न आपण विचारतो, आणि विद्यार्थी शब्दार्थ देऊन, कथासार सांगून, 'म्हणून हे शीर्षक समर्पक ठरते' असा समारोप करतो. शिवी समर्पक कशी असेल? ती लेखकाने का उचलली आणि उचलल्याने तिचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. 'समर्पकता' या एका शब्दाने आपण लेखकाच्या कृतीला गावाच्या कृतीची पावती देऊन टाकतो.

शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप: वर्गात एवढे सगळे कशाला आणायचे? साहित्याच्या शिक्षकाने साहित्य शिकवावे. यावर माझे उत्तर असे की नावे वर्गात आधीच आलेली असतात. प्रत्येक तुकडीत कोणी 'काळ्या' असतो, कोणी 'जाड्या', कोणी बोलीवरून 'गावठी', आणि शिष्यवृत्ती किंवा राखीव जागा घेणाऱ्याच्या पाठीमागे 'सरकारी जावई' हा शब्द अजूनही कुजबुजला जातो. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती करून जात, वर्ण, रूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख यांवरून होणारा छळ त्यात आणला. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. म्हणजे नावाने इजा होते हे नियमावलीला आणि शासनाला मान्य झाले आहे. मराठीच्या वर्गालाच ते अजून 'गंमत' वाटते. ज्या विषयाकडे 'तुका'पासून 'उचल्या'पर्यंतची एवढी सामग्री आहे, त्याने याबाबत नियमावलीच्याही मागे राहावे, ही लाजेची गोष्ट आहे.

हे उपदेशाने होणार नाही. 'कोणाला चिडवू नये' हा फलक भिंतीवर लावून आजवर कोणी चिडवायचे थांबलेले नाही. पण नावाचे वाचन शिकवता येते. विशेषनामाला लागलेल्या प्रत्ययाचे, अनेकवचनाचे, हाकेचे आणि तिला मिळालेल्या उत्तराचे. ते शिकलेला विद्यार्थी 'अंतू बर्वा' आणि 'अंतूशेठ' यांतले अंतर मोजू शकेल, 'बालकवी' या नावाला टेकू न देता ठोंबऱ्यांची कविता वाचू शकेल, आणि आपल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला पडलेले नाव 'पडले' नसून कोणीतरी पाडले आहे, कदाचित आपणच, एवढे त्याच्या ध्यानात येईल.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना एक सूचना करतो. जोड्या जरूर लावायला सांगा. एक गुण विद्यार्थ्याच्या पदरात पडू द्या. पण त्याखाली दहा गुणांचा एक प्रश्न घाला: 'कुसुमाग्रज, बालकवी, विभावरी शिरूरकर, तुका, दगडू, अक्करमाशी. यांपैकी प्रत्येक नाव कोणी ठेवले, का ठेवले, आणि ते नाकारण्याची मुभा कोणाला होती, याची चर्चा करा.' या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही. ते लिहिण्यासाठी त्या सहाही जणांना वाचावे लागेल.